नामकरण, मराठा राजघराण्यांतील

बाराव्या-तेराव्या दिवशी पाळण्यात घालून मुलाचे नाव ठेवत. ते ठरलेले मात्र बहुधा आधीच असे. आजा, पणजा किंवा अकाली गेलेला चुलता, यांपैकी कोणाचे तरी नाव चालवायचे, हा भोसल्यांचा प्रघात. कोल्हापूरच्या वंशावळीत शिवाजी, संभाजी, शहाजी, राजाराम, शाहू ही मोजकीच नावे आलटूनपालटून येतात.

नवी नावे आली ती नवसातून. नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने झालेल्या मुलांची नावे मालोजी भोसल्यांनी शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शिवनेरीवरच्या शिवाई देवीवरून शिवाजी हे नाव ठेवल्याची कथाही त्याच जातीची. शरीफजी हे नाव पुढे तंजावरला पोचून सरफोजी झाले. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणाऱ्या सरफोजी राजांच्या (१७७७–१८३२) नावात नगरचा पीर आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

नाव म्हणजे गादीवरचा हक्कही असे. संभाजी महाराजांच्या मुलाचे (जन्म १६८२) नाव शिवाजी. शाहू हे नाव मोगलांच्या कैदेत पडल्याचे सांगतात. तो कैदेत असतानाच, १६९६ साली, राजाराम-ताराबाईंना मुलगा झाला आणि त्याचेही नाव शिवाजीच ठेवले गेले. पुढच्या वारसायुद्धात हेच दोन चुलतभाऊ समोरासमोर आले. ताराबाईंच्या हेतूचा लेखी पुरावा नसला तरी हा निव्वळ योगायोग मानणे जड जाते. पेशव्यांकडे नारायणरावांच्या खुनानंतर झालेल्या मुलाला (१७७४) चुलत्याचेच माधवराव हे नाव मिळाले. ‘सवाई’ नंतर लागले.

दत्तकाचे नाव बदलत. कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली बडोद्याचा सयाजीराव झाला, कागलकर घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरचा शाहू. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ साली मृत्यूच्या आदल्या दिवशी घेतलेल्या दत्तकाला, आनंदरावाला, त्यांच्या तान्हेपणी गेलेल्या मुलाचे दामोदर हे नाव दिले गेले. कंपनीने ते दत्तक मानले नाही. सुनांचीही नावे सासरी बदलत. याच घरात मनकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली.

इंग्रजी अमलात राजनिष्ठाही पाळण्यापर्यंत आली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९१६ साली झालेल्या मुलाच्या जिवाजीराव या नावाआधी बादशहा पंचम जॉर्जचे नाव जोडले.

तीच तीच नावे आल्याने घरात आबासाहेब, बाबासाहेब अशी दुसरी नावे लागत, आणि कागदपत्रे वाचणाऱ्याचे त्यांच्यावाचून चालत नाही. कोल्हापूरचे शहाजी, म्हणजे बुवासाहेब, १८३८ साली वारले; पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या गादीवर बसले तेही शहाजीच, आप्पासाहेब.