सँडरची चिकट डिस्क कशी काढायची? पॅडवर राहिलेला गम साफ करण्याची योग्य पद्धत

घरचं जुनं दार पॉलिश करायचं असो, लोखंडी कपाट रंगवायचं असो किंवा स्वतःच स्टडी टेबल बनवायचं असो, आजकाल बरेच जण मोबाइलवरून एक छोटं सँडर मशीन मागवून टाकतात. मशीन चालवणं पाच मिनिटांत जमतं. खरी डोकेदुखी सुरू होते पहिली डिस्क झिजल्यावर. डिस्क ओढली की कागद हातात येतो आणि गम पॅडवरच राहतो. मग खरवडणं, घासणं, थिनर ओतणं, आणि शेवटी डिस्कपेक्षा कितीतरी महाग असलेलं पॅडच फेकून द्यावं लागतं.

मी हे सगळं करून बसलोय. पारोळ्यात आमच्या काकांची सुतारकामाची पत्र्याची शेड आहे. बारावीच्या सुट्टीत तिथे काम करताना गम निघत नव्हता म्हणून मी पॅड सरळ थिनरच्या डब्यात बुडवून ठेवलं. अर्ध्या तासाने बघतो तर पॅडचा फोम फुगून वेडावाकडा झालेला, आणि गम मात्र तिथेच. काका आले, डब्यात डोकावले आणि एवढंच म्हणाले, "काय करी राह्यना भो?"

तर ते पॅड कसं वाचलं असतं, ते आज बघूया.

आधी बघा, तुमची डिस्क कोणती?

सँडिंग डिस्क मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. एकीच्या पाठीमागे मऊ, केसाळ कापड असतं आणि पॅडवर बारीक आकडे असतात. ही वेल्क्रोवाली, म्हणजे हूक अँड लूप डिस्क. ती ओढली की निघते, गमचा प्रश्नच नाही. दुसरीच्या पाठीमागे स्टिकरसारखा गम असतो आणि वरचा कागद सोलून ती चिकटवायची असते. ऑनलाइन दुकानात हिच्यापुढे 'पीएसए' किंवा 'सेल्फ अ‍ॅडेसिव्ह' असं लिहिलेलं असतं.

हातात धरायच्या ५ इंची, म्हणजे १२५ मिलिमीटरच्या मशीनवर आता बहुतेक वेल्क्रोच येतो. चिकट डिस्क जास्त दिसते ती टेबलावर बसवलेल्या डिस्क सँडरवर, कारण तिथे लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची सपाट प्लेट असते आणि लाकडाची कड अगदी काटकोनात घासायची असते. वेल्क्रोचा थर थोडा दबतो, त्यामुळे कड गोलसर होते. काही जुन्या पॅडवर आणि डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमधल्या मशीनवरही चिकट डिस्क वापरतात.

ऑर्डर करताना इथेच चूक होते. '५ इंच सँडिंग डिस्क' असं शोधलं की दोन्ही प्रकार एकाच यादीत दिसतात, आणि फोटोत पुढची बाजू सारखीच असते. मागच्या बाजूचा फोटो बघितल्याशिवाय पैसे भरू नका. आणि चुकून चिकट डिस्क आली तर 'चालतंय की' म्हणत ती वेल्क्रोच्या पॅडवर चिकटवू नका. गम आकड्यांमध्ये एकदा भरला की ते पॅड पुन्हा नीट पकडत नाही.

हा गम वाळत का नाही?

फेविकॉल लावलं की त्यातलं पाणी उडतं आणि तो कडक होतो. पीएसए गमचं तसं नसतं. तो कधीच पूर्ण वाळत नाही. अतिशय घट्ट काकवीसारखा तो कायम थोडा वाहता राहतो, आणि दाबला की पृष्ठभागाच्या बारीक खाचांमध्ये शिरतो. म्हणून याचं नावच दाबाने चिकटणारा गम असं आहे. सेलोटेप, स्टिकर, मोबाइलच्या आत बॅटरी धरून ठेवणारी पट्टी, सगळी याच घराण्यातली मंडळी.

गंमत म्हणजे चिकटपट्टी आणि पॉलिश पेपर यांचं नातं फार जुनं आहे. थ्रीएम ही अमेरिकन कंपनी १९०२ साली सुरू झाली आणि सुरुवातीच्या काळात तिचा मुख्य धंदा पॉलिश पेपरचाच होता. तिचा रिचर्ड ड्रू नावाचा एक तरुण कर्मचारी पॉलिश पेपरचे नमुने घेऊन गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये जायचा. दोन रंगांच्या गाड्या रंगवताना कामगार कागद चिकटवायचे, आणि तो काढताना ताजा रंगही उखडून यायचा. ते बघून त्याने १९२५ साली मास्किंग टेप तयार केली, आणि १९३० साली पारदर्शक सेलोफेन टेप. म्हणजे 'चिकटलं पाहिजे, पण काढताना खालचं खराब होता कामा नये' हा प्रश्न जवळपास शंभर वर्षं जुना आहे.

आता कामाचा मुद्दा. असा गम कसा निघणार हे दोन गोष्टींवर ठरतं, तापमान आणि ओढण्याचा वेग. गम थंड असेल आणि तुम्ही झटका दिला तर कागद फाटतो. गम फार गरम झाला तर तो मधूनच दुभंगतो, अर्धा डिस्कवर आणि अर्धा प्लेटवर. गम कोमट असताना हळू ओढलं तरच तो बहुतांश डिस्कबरोबर निघून येतो. 'जास्त गरम केलं की जास्त सोपं' हा बऱ्याच जणांचा समज आहे, आणि प्लेटवर गमची साय धरते ती त्यामुळेच.

डिस्क काढायची कशी?

सगळ्यात सोपी वेळ म्हणजे काम संपल्यासंपल्या. घासताना डिस्क आपोआप गरम झालेली असते. मशीन बंद करा, प्लग काढा (नुसतं बटण बंद करून भागत नाही) आणि लगेच डिस्क सोलायला घ्या. झिजलेली डिस्क मशीनवर तशीच ठेवून महिनाभर विसरलात तर गम खाचांमध्ये आणखी खोल उतरतो, जुना होऊन कडक पडतो, आणि पाठीचा कागद पापडासारखा तुकड्यातुकड्याने निघतो. उन्हाळ्यात आमच्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे फार लवकर होतं.

डिस्क गार झाली असेल तर हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं सगळीकडून सारखी हवा द्या. हीट गन असेल तर ती कमीत कमी उष्णतेवर आणि हलती ठेवा, कारण एकाच जागी धरली तर फोमचं पॅड वितळायला वेळ लागत नाही. किती गरम करायचं? हाताचा तळवा दोन-तीन सेकंद टेकवता आला पाहिजे. लगेच हात मागे घ्यावा लागला तर जास्त झालं, मिनिटभर थांबा.

प्लेट लोखंडी असेल आणि मशीनमधून सहज सुटत असेल तर खानदेशात हेअर ड्रायरची गरजही नाही. एप्रिल-मेमध्ये पारोळा, अमळनेर, धुळे या पट्ट्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. उन्हात ठेवलेलं लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापतं. प्लेट दहा-पंधरा मिनिटं उन्हात ठेवा आणि फडक्याने धरून सावलीत आणा. हात टेकवता येईल इतकी निवली की कामाला लागा. फोमचं पॅड मात्र असं उन्हात टाकू नका.

आता कडेचा एक कोपरा नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाने उचला. डिस्क सरळ वर ओढायची नाही. ती पाठीवर दुमडायची आणि प्लेटला जवळजवळ समांतर, सावकाश ओढत न्यायची. मोबाइलच्या नव्या स्क्रीनवरची प्लॅस्टिक फिल्म आपण जशी मजा घेत काढतो, अगदी तशी. मध्येच अडकली तर जोर लावू नका, तेवढ्याच जागी पुन्हा थोडी ऊब द्या.

राहिलेला गम

आधी कोरडं काम करा. गम थोडा कोमट असताना अंगठ्याने चोळला की त्याच्या वळ्या होतात आणि निघतात. मास्किंग टेपचा तुकडा दाबून झटकन उचलला तर त्यालाही बराच गम चिकटून येतो. क्रेप रबराची कांडी मिळाली तर उत्तमच. सुतार लोक जुन्या क्रेप सोलच्या चपलेचा तुकडाही वापरतात. हाच तुकडा फिरत्या डिस्कवर अलगद धरला तर तिच्यात भरलेला भुसा निघतो. कित्येकदा डिस्क झिजलेली नसतेच, नुसती तुंबलेली असते आणि आपण ती फेकून देतो. बोट फिरवून बघा. खरखर लागत असेल तर आधी साफ करा.

धातूच्या प्लेटवर तरीही थर उरला तर मग द्रावणाकडे वळा. फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून, पिळून प्लेटवर पसरा आणि दहा मिनिटं ठेवा. गम फुगून मऊ होतो आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडला की निघतो. स्टीलची पट्टी किंवा तारेचा ब्रश वापरला तर अ‍ॅल्युमिनियमवर चरे पडतात, आणि पुढचा गम त्याच चऱ्यांमध्ये जाऊन बसतो. घाई नसेल तर खोबरेल तेलही चालतं. फणसाचा चीक काढायला हाताला तेल लावतात, तेच तत्त्व. फक्त नंतर साबणाने धुवावं लागतं.

फोम, रबर किंवा प्लॅस्टिकच्या पॅडवर थिनर आणि अ‍ॅसिटोन अजिबात नको. अ‍ॅसिटोन म्हणजे नेलपॉलिश काढायच्या बाटलीत बऱ्याचदा असतं तेच. अशा पॅडसाठी फडक्यावर थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, आधी कडेला लावून बघा, आणि पॅड कधीही भिजत ठेवू नका.

उन्हाळ्यातला धोका

हा भाग वगळू नका. प्रत्येक ज्वालाग्राही द्रवाचं एक ठरावीक तापमान असतं. त्याच्या वर गेलं की पेट घेण्याइतकी वाफ द्रवावर तयार होते, मग एक ठिणगी पुरते. टर्पेंटाइन आणि रॉकेलसाठी हे तापमान साधारण ३५ ते ४० अंशांच्या आसपास असतं. म्हणजे पुण्यात डिसेंबरमध्ये जे टर्पेंटाइन तुलनेने शांत असतं, तेच पारोळ्यात मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याखाली, भडकायला तयार असतं. पेट्रोल आणि अ‍ॅसिटोनचं तर हे तापमान शून्याच्याही खाली आहे. त्यामुळे 'थोडं पेट्रोल लावून पुसून घे' हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

आणि ठिणगी कुठून येणार? ती तुमच्या हातातच असते. अशा बऱ्याच मशीनच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात. मशीन चालू असताना मागच्या फटीतून निळसर ठिणग्या दिसतात ना, त्या याच. ओल्या प्लेटसकट मशीन चालू करणं म्हणजे वाफेत काडी ओढणं. म्हणून द्रावणाचं काम सकाळी लवकर, उघड्यावर करा. द्रावण वापरलं की त्यानंतर हीट गन किंवा ड्रायर नाही. ऊब आधी, द्रावण नंतर, हा क्रम उलटा करू नका. भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकण्याऐवजी बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

हीच पद्धत मोबाइलवर चालेल का?

काही अंशी. टेम्पर्ड ग्लास काढताना हलकी ऊब, कडेपासून सुरुवात आणि सावकाश सोलणं हे सगळं लागू पडतं. राहिलेला गम फडक्यावर घेतलेल्या थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातो. टर्पेंटाइन, थिनर किंवा खरवडणं नको, स्क्रीनवरचा बोटांचे डाग न धरणारा थर त्याने खराब होतो. फोन उन्हात ठेवायचा नाही आणि हीट गन तर लांबच ठेवायची, आत लिथियमची बॅटरी आहे. बॅटरीखालची पट्टी ओढायची वेळ आली तर ते काम दुकानदारावर सोडा. पट्टी तुटल्यावर बॅटरी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटताना ती फुटून पेटू शकते.

नवी डिस्क लावताना

टर्पेंटाइन, रॉकेल किंवा तेल वापरलं असेल तर प्लेटवर तेलकट थर राहतो आणि त्यावर नवा गम धरत नाही. म्हणून शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फिरवा आणि प्लेट पूर्ण कोरडी होऊ द्या. मग अंधाऱ्या जागी मोबाइलचा टॉर्च प्लेटला आडवा धरून बघा. वरून न दिसणारा गमचा बारीकसा गोळाही लांब सावली टाकतो. असा एक गोळा राहिला तर तिथे डिस्क फुगते आणि लाकडावर गोल ओरखडे उमटतात. मिनिटाला १०-१२ हजार फेरे घेणाऱ्या हातातल्या मशीनवर तर डिस्क सुटून उडूही शकते.

डिस्क एका कडेपासून टेकवत न्या, म्हणजे आत हवा अडकणार नाही. पॅडला भोकं असतील तर ती जुळवून घ्या, नाहीतर धूळ ओढली जात नाही. मग सपाट लाकडी ठोकळ्याने मधून कडेकडे जोरात दाबा. हा गम दाबानेच धरतो, त्यामुळे इथे आळस केला तर बाकीची मेहनत वाया. चष्मा लावा, मशीनच्या समोर न थांबता बाजूला उभे राहा आणि मिनिटभर रिकामं चालवून बघा.