व्हीसीआरचा पांजरपोळ

म्हाताऱ्या गुरांसाठी पांजरपोळ असतो. म्हाताऱ्या व्हीसीआरसाठी आमच्या चकलांब्यात माझी माडी आहे. गेवराई तालुक्यातले भंगारवाले मला लांबून ओळखतात. इतरांना किलोच्या भावानं देतील ते यंत्र मला पाहताच "गुरुजी, अँटिक हाय" होतं. सध्या सात दाखल आहेत. दोन चालतात, तीन नुसते गुरगुरतात आणि उरलेले दोन कॅसेट गिळून ढेकरसुद्धा देत नाहीत. आठवा मी, असं आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं.

या जातीचा इतिहास तसा छोटाच. १९५६ साली अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीनं पहिलं कामाचं यंत्र काढलं. त्याची फीतच दोन इंच रुंद! १९७५ साली सोनीचं बीटामॅक्स आलं, १९७६ साली जेव्हीसीचं व्हीएचएस. दोघांच्या भाऊबंदकीत व्हीएचएस जिंकलं. आपल्याकडे १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. मग वर्गणी काढून तो रात्रीपुरता भाड्यानं आणायचा आणि तांबडं फुटेपर्यंत तीन सिनेमे पाहायचे, असा नवाच जागर गावोगाव सुरू झाला. चित्राला मुंग्या आल्या की एखादा जाणता खिशातली कोरी नोट काढून हेड पुसायचा.

पण फीत महाग. तेव्हा पुसा आणि पुन्हा वापरा, हा शहाणपणा जगभर चालला. बीबीसीनं 'डॉक्टर हू' या मालिकेचे कितीतरी जुने भाग असेच घालवले. त्यातले नऊ २०१३ साली परत मिळाले ते कुठून, तर नायजेरियातून! तिथं कुणी अडगळ काढली नव्हती म्हणून. इतिहास जपण्याचं निम्मं श्रेय आळशी माणसांना द्यायला हवं. जे टिपलंच नाही ते मात्र कुठून सापडणार? १८ जून १९८३ची कपिलदेवची १७५ धावांची खेळी चित्रित झालीच नाही. अर्थात ती टीव्हीवर डोळ्यांनी पाहिलेले निदान चार जण चकलांब्यात आहेत.

मागच्या दिवाळीत शेजारच्या काकू एक कॅसेट पदराखाली घेऊन आल्या. त्यांच्या १९८६ सालच्या लग्नाची. "गुरुजी, आबांचा आवाज तेवढा काढून द्या." आबा म्हणजे त्यांचे वडील, त्यांना जाऊन तीस वर्षं झाली. फितीवर बुरशी. ती हलक्या हातानं पुसली, एका मेलेल्या यंत्राचा रबरी पट्टा दुसऱ्याला चढवला आणि बटण दाबलं. पडद्यावर प्रकटले साक्षात प्रभू रामचंद्र! काकूंच्या भावानं रविवारचं 'रामायण' त्याच कॅसेटवर उतरवून घेतलं होतं. नवं टेप होताना जुनं आधी पुसलं जातं. खालून खरवडून काही निघत नाही. काकू मुकाट्यानं उठायला लागल्या. एवढ्यात भाग संपला, मुंग्या आल्या आणि मागून लग्नाची पंगत उमटली. दोनच मिनिटं. त्यात आबा वाढप्यावर ओरडत होते, "आरं, पाव्हण्यांच्या पानात जिलबी कुठाय?"

काकूंनी ते अकरा वेळा पाहिलं. बाराव्यांदा सौभाग्यवतींनी चहा आणला आणि त्याही बसल्या.

शेवटपर्यंत व्हीसीआर बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनंही २०१६ साली हात टेकले. आता आहेत तेवढीच यंत्रं. तेव्हा वाचकहो, माळ्यावर कॅसेट असेल तर बुरशीच्या आधी आपण पोहोचा. यंत्र असेल तर तेही घेऊन या. घरात काय सांगायचं ते माझं मी बघतो.