उघडे दार

पंडिता रमाबाईंविषयी आपल्याकडे दोन तऱ्हांनी लिहिले गेले. एकीत त्या धर्मबुडव्या, दुसरीत साध्वी. १९७७ साली सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुस्तकरूपाने आला आणि मला तिसऱ्याच रमाबाई भेटल्या. १८८३ मध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असे बजावले. (संस्कृतच का, हे मला खटकते, पण ते असो.) त्रैक्याचे तत्त्व चर्च सांगते एवढ्यावर त्या मानीनात. बायबल स्वतः वाचीन, पटेल ते घेईन. ज्यांच्या घरी राहायचे त्यांनाच हे सुनवायचे!

१८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले, पुढल्या वर्षी पुण्यास हलले. पैसा बोस्टनच्या मंडळींचा, धोरण धर्माबाबत तटस्थतेचे. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह बायबल वाचीत, प्रार्थना करीत, आणि दार लावून घेत नसत. विधवा मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात काहूर उठले. १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दार लावले नाही.

पुणेकरांचा कांगावा मला पटत नाही. विधवांचे केशवपन होताना या मुलींचे स्वातंत्र्य कोणाला आठवले होते? १८८५ मध्येच 'सत्सार'मधून जोतीराव रमाबाईंच्या बाजूने उभे राहिले, ते उगाच नव्हे.

पण माझा प्रश्न रमाबाईंनाही आहे. मी परक्याच्या मर्जीच्या भाकरीवर जगवलेल्या समाजात वाढलो. १८९६-९७ च्या दुष्काळातून उचललेल्या मुली केडगावला आल्या, १८९८ मध्ये बोस्टनचा करार संपला, आणि तटस्थतेचे बंधन उरले नाही. ताट ज्या घरी, दार त्याच घरचे. वाँटेजला 'नाही' म्हणणारीजवळ विद्या होती. या पोरींजवळ काय होते?

रमाबाईंना हे कळत असावे. उतारवयात त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला वाचता येईल अशा मराठीत सबंध बायबल उतरवू लागल्या. १९२२ मध्ये त्या गेल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवणाऱ्या त्या आश्रमातल्याच बाया होत्या.