परग्रहीय जीवसृष्टी : नारळीकरांचे फुग्यांचे प्रयोग

पृथ्वीबाहेर जीवन असण्याच्या शक्यतेची भारतातील ठळक चाचणी पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक-संचालक जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या पुढाकाराने झाली. जीवबीजे अंतराळातून पृथ्वीवर येतात, ही खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल व चंद्रा विक्रमसिंघे यांची कल्पना तपासण्यासाठी २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडून ४१ किमी उंचीपर्यंतची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली गेली. दुसऱ्या खेपेच्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांना हॉइल, इस्रो व आर्यभट यांच्यावरून नावे देण्यात आली.

नवी जात म्हणजे परकी जात नव्हे. जमिनीवरील धूळ एवढ्या उंचीवर सहसा पोहोचत नाही आणि हे जीवाणू अतिनील किरणांना फारशी दाद देत नाहीत, हे समर्थकांचे मुद्दे वजनदार आहेत. पण ज्वालामुखीचा उद्रेक कण बराच वर फेकतो आणि किरणांना पुरून उरणारे जीवाणू पृथ्वीवरही आहेत. शिवाय तिन्ही जातींचे जनुकीय नाते इथल्याच कुळांशी जुळते. पृथ्वीवरचे जीवन मुळात वरूनच आले असेल तर हे साम्य असणारच, असे उत्तर समर्थकांकडून मिळते. ते तर्काला धरून आहे, मात्र त्यामुळे जनुकांची कसोटीच निकामी होते. संशोधकांनी स्वतः परग्रहीय उगम सिद्ध झाल्याचा दावा केला नाही, हे त्यांच्या श्रेयाचेच. निर्णायक पुरावा द्यायचा तर पेशींतील कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीपेक्षा वेगळे दिसायला हवे. उलट, आर्यभटाच्या नावाचा जीवाणू पुढे वनस्पतींच्या मुळांभोवतीच्या मातीतही सापडला, म्हणजे तो पृथ्वीवरही राहतो.