जिरेनियम, गवती चहाचं तेल काढलंत, पण ठेवलंय कशात? भाव येईपर्यंत तेल टिकवायचं तर हे वाचा

साधारण एक टन जिरेनियमचा पाला कापायचा, वाहायचा, भट्टीत भरायचा, तेव्हा कुठं हातात एक किलोच्या आसपास तेल येतं. त्यात रोपांचा खर्च, मजुरी, जळण सगळं आलं. मग भाव उतरलेला दिसला की शेतकरी म्हणतो, थांबू दोन-चार महिने. थांबायला हरकत नाही. पण ते तेल कुठं आणि कशात ठेवलंय, यावर पुढचा भाव ठरतो. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून पत्र्याच्या शेडमध्ये एक उन्हाळा काढला, तर व्यापारी झाकण उघडून नुसता वास घेतो आणि भाव पाडतो. तिथं भांडून उपयोग नसतो, कारण माल खरोखरच उतरलेला असतो.

तेल बिघडतं म्हणजे नेमकं काय होतं?

हे शेंगदाण्याचं किंवा करडीचं तेल नव्हे. सुगंधी तेल उडून जाणारं असतं. कोऱ्या कागदावर थेंब टाकून बघा. खाण्याच्या तेलाचा डाग तसाच राहतो, ताज्या जिरेनियमचा किंवा गवती चहाचा बराचसा उडून जातो. जुन्या, बिघडलेल्या तेलाचा मात्र चिकट कडा मागे राहतो.

गवती चहाच्या तेलात ७० ते ८० टक्के सिट्रल असतं, लिंबासारखा वास त्याचाच. हवेतला ऑक्सिजन लागला की सिट्रल हळूहळू बदलतं, तेल गडद होतं, दाट होतं, वास बोथट होतो. जिरेनियममध्ये सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल हे मुख्य घटक. व्यापारी लॅबमधून जीसी रिपोर्ट काढतो तेव्हा याच घटकांची टक्केवारी बघतो. म्हणजे रंग बदलायच्या आधीच रिपोर्टमध्ये बिघाड दिसू शकतो.

ऑक्सिजन, ऊन, उष्णता, पाणी आणि चुकीचं भांडं, तेलाचे दुश्मन हे एवढेच. त्यातलं पाणी आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षित, म्हणून त्याचं आधी बघू.

आधी पाणी काढा, मग झाकण लावा

भट्टीतून वाफेबरोबर तेल येतं, सेपरेटरमध्ये ते पाण्यावर तरंगतं आणि आपण वरचं काढून घेतो. डोळ्याला ते स्वच्छ दिसतं, पण त्यात बारीक पाणी अडकलेलं असतं. एक रात्र काचेच्या उंच भांड्यात झाकून ठेवा, सकाळी तळाला पाण्याचे थेंब दिसतील. तेल गढूळ दिसत असेल तर पाणी आहे असंच समजा. हे पाणी आत राहिलं की तेलातले काही सुगंधी घटक फुटतात आणि वासाला आंबूसपणा येतो. पत्र्याचा डबा असेल तर तळाला गंजही धरतो.

वरचं तेल अलगद दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. त्यात निर्जल सोडियम सल्फेट थोडं थोडं टाकून हलवा. ही पांढरी पूड रसायनं विकणाऱ्या दुकानात मिळते. घेताना 'निर्जल' असं बघून घ्या, साधं सोडियम सल्फेट आधीच पाणी धरून बसलेलं असतं, ते कामाचं नाही. खाण्याचं मीठही त्याची जागा घेत नाही. पूड तळाला गोळा होऊन चिकटत असेल तर अजून पाणी आहे, आणखी थोडी टाका. दाणे मोकळे फिरायला लागले की पाणी ओढून झालं. मग फिल्टर कागदातून गाळून घ्या.

जिरेनियमवाल्यांसाठी एक गोष्ट. भट्टीतून नुकतंच निघालेलं तेल कधी कधी उग्र, कोबी शिजवल्यासारखं वासतं. घाबरू नका, ते तेल बिघडलेलं नसतं. त्यातला गंधकाचा एक घटक लवकर उडून जातो. स्वच्छ, सावलीच्या जागी थोडा वेळ उघडं ठेवलं की वास निवळतो. पण हे काही तासांचं काम आहे, आठवडाभर उघडं ठेवायचं नाही.

भांडं कोणतं?

थोडं तेल असेल तर गडद तपकिरी काचेची बाटली, जास्त असेल तर तेलाच्या व्यापारात वापरतात तसे अ‍ॅल्युमिनियमचे डबे किंवा स्टेनलेस स्टीलचा कॅन. झाकण घट्ट बसणारं हवं. तांबं-पितळ नको, गंजलेलं लोखंड तर नकोच, या धातूंनी तेल लवकर बिघडतं आणि रंग पकडतं. लवंग किंवा ओव्याचं तेल लोखंडाला लागलं की काळपट पडतं.

साध्या प्लास्टिकला ही तेलं मऊ करतात, फुगवतात, आणि प्लास्टिकचा वास तेलात उतरतो. ड्रॉपरच्या बाटलीचं रबर काही महिन्यांत चिकट होतं तेही यामुळेच. जाड प्लास्टिक कॅनमधून बाजारापर्यंत नेलं तर चालतं, साठवायला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि फुकटातलं. भांडं गळ्यापर्यंत भरा. पाच लिटरच्या कॅनमध्ये एक लिटर तेल ठेवलं तर वर चार लिटर हवा कोंडली, आणि हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. थोडं तेल विकून डबा अर्धा झाला की उरलेलं लहान बाटल्यांमध्ये काढा. वास दाखवायला रोज मोठं झाकण उघडू नका, त्यासाठी छोटी बाटली वेगळी ठेवा.

भरताना वजन करा. ही तेलं पाण्यापेक्षा हलकी असतात, लिटरच्या बाटलीत जिरेनियम साधारण ८९० ग्रॅमच बसतं. लिटर म्हणजे किलो धरून हिशोब केला की विक्रीच्या वेळी तेल कमी भरलं म्हणून वाद होतो.

जागा

पत्र्याची शेड नको, गाडीची डिकी नको, खिडकीही नको. घरातली सगळ्यात थंड, अंधारी खोली बघा. जाड भिंतीचं माजघर असेल तर उत्तम. छोट्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या तरी चालतात, पण झाकण पक्कं हवं, नाहीतर दुधालाही वास लागतो. फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडू नका, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. गार बाटलीत दमट हवा शिरली की आत पाणी सुटतं. पुदिन्याच्या तेलात थंडीनं खडे धरले तर तो मेन्थॉल आहे, खराबी नाही.

चूल, भट्टी, देवघरातला दिवा यांपासून तेल लांब ठेवा, ते पेट घेतं. आणि लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. निलगिरीचं थोडंसं तेल पोटात गेलं तरी मुलाला झटके येऊ शकतात. असं झालं तर उलटी करवायची नाही, बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठायचा. जुनं, दाट झालेलं तेल अंगाला चोळायलाही वापरू नका, त्यानं पुरळ उठतं.

किती दिवस टिकतं?

संत्रं-लिंबाच्या सालीचं तेल सगळ्यात नाजूक, वर्षभराच्या आत संपवलेलं बरं. गवती चहा नीट ठेवला तर साधारण वर्ष-दीड वर्ष, जिरेनियम आणि रोशा गवत दोन वर्षं सहज. रोशा म्हणजे आपल्या खानदेशचं जुनं तेल, इंग्रजांच्या काळात ते मुंबई बंदरातून परदेशी जायचं आणि तिकडं त्याला 'तुर्की जिरेनियम' म्हणत. वाळ्याचं तेल याला अपवाद, ते मुरल्यावर आणखी चांगलं वासतं.

जुनं तेल नव्यात ओतू नका, जुन्यामुळे नवंही लवकर उतरतं. प्रत्येक कापणीचं तेल वेगळं ठेवा आणि भांड्यावर पीक, तेल काढल्याची तारीख, वजन लिहा. त्याच तेलाची दहा मिलीची तपकिरी बाटली गळ्यापर्यंत भरून, बंद करून घरी राहू द्या. व्यापारी म्हणाला तुमचा माल हलका आहे, तर तीच बाटली लॅबला पाठवता येते.