पूर्वजांच्या विवाहाचा शोध परराज्याच्या दप्तरात

अमेरिकेत आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त जुळवणाऱ्यांना एक अडचण वारंवार भेडसावते. आजी-आजोबांच्या जन्मनोंदी सापडतात, जनगणनेत त्यांचा संसारही दिसतो. मात्र गावच्या दप्तरात विवाहाची नोंद मिळत नाही. म्हणून विवाह झालाच नव्हता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. वारसाहक्क किंवा पूर्वजांमुळे मिळणारे परदेशी नागरिकत्व अनेकदा याच एका कागदावर अवलंबून असते.

तेथे विवाहाचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. परवाना बहुधा काउंटीच्या कार्यालयातून मिळतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक राज्यांनी प्रतीक्षेची मुदत किंवा रक्ततपासणी सक्तीची केली. साहजिकच घाईत असलेली जोडपी सीमा ओलांडू लागली. मेरिलँडमधील एल्क्टन गाव अशा झटपट विवाहांसाठी प्रसिद्ध होते. १९३८ मध्ये त्या राज्यानेही ४८ तासांची अट घातली. कॅलिफोर्नियाने १९२७ मध्ये तीन दिवसांची मुदत ठरवल्यावर तेथील जोडप्यांनी नेवाडा व ॲरिझोनाची वाट धरली.

एकाच जोडप्याच्या दोन नोंदीही आढळतात. अभिनेता रुडॉल्फ व्हॅलेंटिनो याने १९२२ मध्ये मेक्सिकोत नताशा रॅम्बोव्हाशी विवाह केला. परंतु पहिल्या घटस्फोटानंतरची एक वर्षाची मुदत संपलेली नसल्याने त्याच्यावर द्विभार्येचा आरोप आला. अखेर १९२३ मध्ये इंडियानातील क्राउन पॉइंट येथे दोघांनी पुन्हा विवाह केला.

शोधाची सुरुवात जनगणनेपासून करावी. १९०० व १९१० च्या जनगणनेत विवाहाला किती वर्षे झाली, तर १९३० मध्ये पहिल्या विवाहाच्या वेळचे वय विचारले होते. त्यावरून साधारण वर्ष निश्चित होते. मग शेजारच्या काउंट्या आणि त्या काळी सवलत देणारी राज्ये धुंडाळावीत. स्थानिक वृत्तपत्रांत छापल्या जाणाऱ्या परवान्यांच्या याद्याही उपयोगी पडतात.

मात्र परवाना म्हणजे विवाह नव्हे. विवाह लावणारा धर्मगुरू अथवा न्यायाधिकारी परवान्यावर तारीख व स्वाक्षरी करून तो कार्यालयाकडे परत पाठवतो. ही परतनोंद नसेल, तर परवाना घेऊनही बेत मोडला असण्याची शक्यता उरते. अर्जातील वयही पडताळून घ्यावे. पालकांची संमती टाळण्यासाठी ते वाढवून सांगितले जात असे.