कमल रणदिवे यांचे संशोधन-दप्तर

कन्हान नदीच्या काठी वसलेल्या खापा या विणकरांच्या गावी, आणि तसे पाहिले तर सबंध नागपूर जिल्ह्यात, सुपारी, तंबाखू व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा ज्या सहजतेने तोंडात टाकला जातो, ती पाहता त्यातील सुपारीविरुद्धचा एक भक्कम प्रायोगिक पुरावा मुंबईत एका मराठी विदुषीच्या देखरेखीखाली सिद्ध झाला होता, याचे स्मरण येथील सुशिक्षितांनाही क्वचितच असते. त्या विदुषी म्हणजे पेशीशास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे. त्यांच्या नावे दोनशेहून अधिक शोधनिबंध रुजू आहेत. परंतु शास्त्रीय लेखनाचा निवाडा किती विलंबाने होतो, हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने या संख्येपेक्षा त्या निबंधांचे पुढे काय झाले याचाच तपशील पाहावा.

पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. हुजूरपागा आणि फर्ग्युसन महाविद्यालय येथे शिकून, पुढे सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून त्या विवाहानंतर मुंबईस आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगाच्या अभ्यासाकडे वळल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यावर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या पेशी १९५१ मध्ये अखंड वाढत्या ठेवून ज्यांनी पेशीशास्त्राला नवे साधन दिले, तेच हे गे. शरीराबाहेर काचपात्रात पेशी जगविण्याची ती विद्या आत्मसात करून त्या परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या शुद्ध वंशांवर त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा जो अभ्यास केला, त्यात आनुवंशिकता, संप्रेरके आणि आईच्या दुधातून पिलांत उतरणारा विषाणू यांचा अन्योन्यसंबंध हाच मुख्य विषय होता.

त्यांच्या दप्तरातील कुष्ठरोगविषयक भाग मात्र विशेष विचारार्ह आहे. १९५८ मध्ये रुग्णाच्या ऊतींतून या केंद्रात एक जंतू वेगळा करण्यात आला आणि केंद्राच्याच नावाने तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला जाऊ लागला. हा कुष्ठाचाच जंतू असल्याची धारणा पुढे टिकली नाही. तो त्याचा सगोत्र परंतु भिन्न जंतू ठरला. तरीही त्यापासून तयार झालेल्या लसीने दक्षिण भारतातील विस्तृत तुलनात्मक चाचणीत, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. ज्या निबंधाचे एक अनुमान कालांतराने बाद झाले, त्याच कामाच्या पोटी रोग टाळण्याचे साधन जन्मास यावे, याचा हिशेब निव्वळ निबंधांच्या मोजदादीने लागणार नाही.

सुपारीचा दाखला याहूनही बोलका आहे. १९७६ मध्ये रणदिवे, गोठोस्कर व त्यांचे सहकारी यांनी सुपारी व तंबाखू यांच्या अर्कांचे प्राण्यांवरील प्रयोग आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि सुपारीच्या अर्कानेही प्राण्यांत अर्बुदे उत्पन्न होतात, असे दाखविले. दोष केवळ तंबाखूचा, सुपारी निरुपद्रवी, ही समजूत त्या काळी सर्वत्र रूढ होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूयुक्त विड्याला कर्ककारक ठरविले, परंतु तंबाखूविरहित विड्याबाबत पुरावा अपुरा मानला. सुपारी स्वतःच मानवास कर्ककारक आहे, हा फैसला तिने २००४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तोवर रणदिवे निवर्तून तीन वर्षे लोटली होती.

पद्मभूषण (१९८२) हा सन्मान त्यांना हयातीत लाभला. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेतही (१९७३) त्यांचा वाटा होता. परंतु संशोधकाच्या कर्तृत्वाची वार्षिक मोजणी करून बढती आणि अनुदान ठरविणाऱ्यांनी त्यांच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध निराळा आहे: आज ज्या निबंधाचा दाखला कोणी देत नाही, तोही प्रामाणिकपणे, नीट तपशिलासह लिहिलेला असेल, तर पुढील पिढीच्या हाती तोच पुरावा म्हणून येऊ शकतो, आणि म्हणून असे सावकाश फळणारे काम करणाऱ्यास निर्वेध अवकाश देणे, हे विद्येच्या कारभाऱ्यांचे पहिले कर्तव्य आहे.